काडतूस घरी भरता येईल का? ऐरोलीच्या एका पालकांना उत्तर

ऐरोलीहून एका वडिलांनी विचारलंय. त्यांची १७ वर्षांची मुलगी तीन वर्षं १० मीटर एअर रायफल मारतेय आणि यंदा ५० मीटरला, म्हणजे पॉइंट टू-टूला (०.२२ इंची छोट्या काडतुसाची रायफल), तिने हात घातलाय. तिचा अमेरिकेतला मावसभाऊ स्वतःच्या रायफलची काडतुसं घरी गॅरेजमध्ये भरतो. तो म्हणतो, कारखान्याच्या काडतुसापेक्षा ही स्वस्त पडतात आणि नेमही जास्त चांगला लागतो. भरायचं सामान पाठवायलाही तो तयार आहे. तर आपण हे इथे करावं का, खर्च वाचेल का, स्कोअर वाढेल का, असा प्रश्न आहे.

मी ठाण्यात राहतो आणि गेली २६ वर्षं रायफल शूटिंग शिकवतोय. प्रश्न चांगला आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

सामानाचं आधी बोलू. भाच्याला आजच फोन करून सांगा की काहीही पाठवू नकोस. डाय (पुंगळी मापात आणायचा साचा) नको, प्रेस (ती साच्यात दाबायचं यंत्र) नको, रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची पितळी कवचं, त्यासुद्धा नकोत. १९५९ च्या आपल्या शस्त्र कायद्यात दारूगोळा म्हणजे नुसतं भरलेलं काडतूस नव्हे. काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रसामग्रीही त्या व्याख्येत बसते. काडतूस तयार करायला लायसन्स लागतं, आणि तुमच्याकडे जे असेल ते बाळगायचं आणि वापरायचं लायसन्स आहे, बनवायचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्रं किंवा काडतुसं बनवण्याला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. छंद म्हणून केलं, विकायचं नव्हतं, असं मागाहून सांगून भागत नाही. काही शंका असेल तर तुम्ही नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहात, तिथल्या लायसन्स विभागाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. रेंजवरच्या कुणाच्या सांगण्यावर, माझ्यासुद्धा, या बाबतीत पाऊल उचलू नका. आणि मुलीला एवढं बजावून ठेवा की मारलेल्या काडतुसाची पुंगळी आठवण म्हणून खिशात घालून घरी आणायची नाही. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेली एक पुंगळी विमानतळावरच्या तपासणीत सापडली, तर त्या दिवसाची फ्लाइट आणि पुढची स्पर्धा दोन्ही जातात.

आता भाचा जे करतो त्याबद्दल. तो खोटं बोलत नाहीये. त्याच्या देशात, त्याच्या रायफलसाठी ते खरं आहे. मात्र त्याची रायफल आणि तुमच्या मुलीची रायफल या दोन निराळ्या जाती आहेत, आणि सगळं उत्तर त्या फरकात आहे.

मोठ्या रायफलचं काडतूस सेंटरफायर असतं. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला मधोमध बसवलेली प्राइमरची छोटी टोपी, आत मोजलेली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी संपतात, पण चौघांत सगळ्यांत महाग असलेली पुंगळी शाबूत राहते. बार उडताना ती फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, मापाची होते. ती डायमधून दाबून पुन्हा मापात आणायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू तोलून घालायची आणि गोळी ठरावीक खोलीवर बसवायची. खर्च वाचतो तो पुंगळीचा. नेम सुधारतो तो यामुळे की कारखाना हजारो रायफलींना चालेल असं काडतूस काढतो आणि भाचा फक्त स्वतःच्या एका नळीसाठी काढतो. ही माणसं दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, म्हणजे त्यांचा काटा साडेसहा मिलिग्रॅमचा फरक दाखवतो. गोळी पुंगळीत किती आत बसली आहे ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. ३०० मीटर आणि त्यापुढे मारणाऱ्यांना या मेहनतीचं फळ कागदावर दिसतं, आणि ती मेहनत करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या चुकाही तितक्याच महाग असतात. चुकीच्या डब्यातली दारू किंवा एकाच पुंगळीत दोनदा पडलेली दारू म्हणजे तोंडाजवळ फुटलेला चेंबर.

पॉइंट टू-टूच्या पुंगळीला टोपीच नसते. मारलेली एक पुंगळी रेंजवर बोटांत धरून बघा. बुडाची कड बाहेर दुमडलेली दिसेल, आणि त्या कडेवर एका जागी चेचल्याची खूण असेल. ती दुमड आतून पोकळ असते. कारखान्यात ओलं स्फोटक मिश्रण पुंगळीत घालून ती गरगर फिरवतात, म्हणजे ते मिश्रण दुमडीत चारी बाजूंनी जाऊन बसतं. फायरिंग पिन कडेला चेचते आणि बार उडतो. एकदा चेचलेली कड पुन्हा सरळ करून, तिच्यात ते मिश्रण पुन्हा तितकंच सारखं भरणं हे घरचं काम नाही. शिवाय ते मिश्रण ठोक्याने आणि घासण्याने पेटणारं असतं, त्याच्या नादी लागून लोकांनी बोटं गमावली आहेत. हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय आणि ऑलिंपिकचे ५० मीटरचे सगळे शूटर तेच वापरतात, पण ते पुन्हा भरून कुणीच मारत नाही. स्वप्नील कुसळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार) कांस्य जिंकलं, तेही कारखान्यातून आलेल्या काडतुसांवर.

एअर रायफलला तर भरायला काही नाहीच. शिशाचा पेलेट, म्हणजे छोटा छर्रा, आणि दाबलेली हवा, एवढंच.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर 'नाही' असं आहे. पण भाचा ज्याच्या मागे लागला आहे ते तुमच्या मुलीलाही हवंच आहे: तिच्या एका नळीला चालणारं काडतूस. भाचा ते बनवतो, आपण ते निवडायचं. या निवडीला लॉट टेस्टिंग म्हणतात. आपल्याकडे याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

कारखान्यात एकाच यंत्रावर, एकाच दारूच्या खेपेतून, सलग निघालेल्या काडतुसांना एक लॉट नंबर मिळतो. तो खोक्यावर छापलेला असतो. एकाच ब्रँडच्या, एकाच किमतीच्या, एकाच रंगाच्या दोन खोक्यांचे लॉट वेगळे असले तर तुमच्या रायफलपुरती ती दोन वेगळी काडतुसं समजा. कशामुळे, ते आकड्यांत दाखवतो.

पॉइंट टू-टूची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. मॅचचं काडतूस सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने गोळी सोडतं. ५० मीटर जायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात. एवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने साधारण साडेबारा सेंटीमीटर खाली येते. साइट लावलेली असल्यामुळे हे आपल्याला जाणवत नाही. आता समजा एक गोळी सेकंदाला १० मीटरने हळू निघाली. तिला थोडा जास्त वेळ लागेल आणि ती आणखी ८ मिलिमीटरच्या आसपास खाली जाईल. ५० मीटरच्या टार्गेटवर एका रिंगची रुंदी ८ मिलिमीटर असते. पोरीने श्वास बरोबर सोडला, ट्रिगर मऊ दाबला, शेवटपर्यंत साइटमध्ये बघत राहिली, आणि तरीही दहाचा नऊ झाला. नळीचं कंपन यातला थोडा फरक कधी भरून काढतं, कधी वाढवतं, आणि म्हणूनच एका रायफलला लाभलेला लॉट शेजारच्या लेनवरच्या रायफलला लाभत नाही.

हे मी महाग पडून शिकलो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे डोंबिवलीचा एक मुलगा होता, प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून मारताना, अतिशय स्थिर. राज्य स्पर्धेच्या आधी त्याची काडतुसं संपली. पुरवठादाराने त्याच ब्रँडचं, त्याच रंगाचं खोकं दिलं, आणि मी खोक्याच्या बाजूला छापलेला नंबर न बघता ते त्याच्या हातात ठेवलं. त्याचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, उभा पसरला. आडवा पसरला असता तर वारा म्हणता आला असता, पण तो वर-खाली होता, अगदी टाचणीने टोचल्यासारखा एका उभ्या रेषेत. मी त्याचा श्वास सुधारत बसलो, कोपर हलवलं, स्लिंग (रायफल हाताला बांधायचा पट्टा) एक भोक आवळली. तीन आठवडे त्या मुलाने स्वतःलाच दोष दिला. शेवटी जुन्या खोक्यातले दहा-बारा राउंड त्याच्या आईला कपाटात सापडले. ते मारले आणि ग्रुप परत जागेवर आला. तोवर स्पर्धा होऊन गेली होती. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत स्कोअरच्या आधी लॉट नंबरचा रकाना असतो.

टेस्ट अशी करतो. पुरवठादाराकडून शक्य तितक्या वेगवेगळ्या लॉटचं एकेक खोकं घ्यायचं आणि जो लॉट लागेल त्याचा साठा बाजूला ठेवायला त्याला आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर तुम्ही निवडेपर्यंत तो विकला जातो. रायफल क्लॅम्पमध्ये पक्की धरायची. क्लॅम्प नसेल तर प्रोनमध्ये, टेकू देऊन, रेंजवरच्या सगळ्यांत स्थिर शूटरकडून मारून घ्यायचं, कारण इथे परीक्षा काडतुसाची आहे. नवा ब्रँड लावला की पहिले पंधरा-वीस राउंड मोजायचे नाहीत. गोळीवर मेणाचा पातळ थर असतो, तो प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि नळीत आधीच्या मेणावर नवं बसायला तेवढे बार लागतात. मग दहा-दहाचे चार ग्रुप.

लोक पाच बार मारून निर्णय घेतात, आणि नेमकं तिथेच फसतात. परवा एका मुलीची रायफल तपासत होतो. पहिल्या लॉटच्या पहिल्या पाच गोळ्या एकाच भोकात गेल्या, तिचे वडील तिथेच खूश होऊन फोन काढायला लागले. मी म्हटलं, थांबा. सातवी गोळी वर निघाली, तेरावी खाली. चाळीस होईपर्यंत त्या लॉटने चार गोळ्या दहाच्या बाहेर टाकल्या होत्या. दुसऱ्या लॉटचा एकही ग्रुप तसा डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता, पण चाळिसातली एकही बाहेर नव्हती. आपल्याला हा दुसरा लॉट हवा. मी चारही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरतो आणि चाळीस भोकांचा एकच ढग बघतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर तेच काम स्क्रीनवर होतं. हिशेबासाठी एवढं लक्षात ठेवा: ५० मीटरला दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची आणि गोळी ५.६ ची. गोळीची कड रेषेला टेकली तरी दहा मिळतो, म्हणून गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पाहिजे. चाळिसाचा सगळा ढग १६ मिलिमीटरच्या वर्तुळात बसत असेल, तर ते काडतूस एकही दहा खाणार नाही. पुढचं काम मुलीचं.

एअर रायफलला हाच हिशेब अजून बारीक होतो. पेलेट ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला साधारण १७० मीटर, १० मीटरवर तो सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. दशांशात मोजताना ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर. वेगात २ टक्के फरक पडला तर पेलेट साधारण ०.७ मिलिमीटर सरकतो, म्हणजे ०.३ च्या जवळ गुण. हे किती मोठं आहे ते सांगतो. २०१६ ला रिओच्या फायनलमध्ये अभिनव बिंद्रा आणि युक्रेनचा सेरही कुलिश यांच्यात शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी सोडवायचा जादा बार, झाला. बिंद्राचा १०.०, कुलिशचा १०.५. दोन पेलेटच्या मध्यापासूनच्या अंतरात सव्वा मिलिमीटरचा फरक, आणि बिंद्रा चौथे. तोच कुलिश आठ वर्षांनी पॅरिसला कुसळेंच्या फायनलमध्ये रौप्यावर होता.

यावर पालक लगेच विचारतात, मग पेलेट तोलून वेगळे करावेत का? मी केलंय. नौपाड्यातल्या एका सोनाराचा मिलिग्रॅमचा काटा उसना आणून दोन रात्री बसलो, चिमट्याने एकेक पेलेट उचलून तीन वाट्यांत टाकत. चांगल्या मॅच पेलेटच्या डब्यात बहुतेक सगळे एक टक्क्याच्या आत निघाले. आता गणित करा: पेलेट एक टक्क्याने जड निघाला तर तो १७ मिलिमीटरच्या एक टक्का, म्हणजे ०.१७ मिलिमीटर जास्त खाली जाईल. दशांशाचा एक घरही नाही. त्या दोन रात्री मुलांच्या ड्राय प्रॅक्टिसला (बार न उडवता केलेल्या सरावाला) दिल्या असत्या तर जास्त मिळालं असतं. तोलण्यापेक्षा पेलेटच्या डोक्याचं, म्हणजे पुढच्या भागाचं, माप महत्त्वाचं. मॅच पेलेट ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशा मापांत मिळतात, आणि नळीला यातलं एखादंच नीट बसतं. तिन्ही मापांचे दोन-दोन लॉट मारून बघा. आणि डबा हातातून पडला की त्यातले पेलेट सरावाला टाका. पेलेटचा मागचा घेर इतका पातळ असतो की पडल्यावर तो अंडाकृती होतो आणि डोळ्याला दिसतही नाही.

आपल्या हवेबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण परदेशातल्या सल्ल्यात हे नसतं. तुमच्या-माझ्या घराला खाडीची हवा आहे. जूनमध्ये पेलेटचा डबा उघडा राहिला तर गणपतीपर्यंत त्यावर करडी-पांढरी भुकटी धरते. ते शिशाचंच गंजणं आहे. असे पेलेट स्पर्धेला नाहीत, आणि ती भुकटी फुंकरीने उडवायचीही नाही, ती नाकात जाते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आत सिलिका जेलची पुडी आणि कुलूपबंद कपाट पुरे होतं. पॉइंट टू-टूला उन्हाळा जास्त नडतो. मे महिन्यात गाडीच्या डिकीत खोकं ठेवून बेलापूरला दोन तास काम करून आलात, तर गोळीवरचं मेण वितळून खाली येतं आणि पुन्हा गोठताना त्यात धूळ अडकते. ज्या लॉटसाठी एवढी मेहनत केली तो तुम्ही दोन तासांत बदलून टाकलेला असतो.

ओल्या काडतुसाचा एक धोका स्कोअरपेक्षा मोठा आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या एका मुलीच्या लेनवरून नेहमीच्या 'टप्' ऐवजी 'फुस्' असा आवाज आला. टार्गेटवर भोक नाही. तिला वाटलं मिस झाला, आणि ती बोल्ट ओढून पुढचा राउंड घालणार एवढ्यात मी तिच्या हातावर हात ठेवला. तीस सेकंद नळी टार्गेटकडेच ठेवली, मग बोल्ट उघडला, रायफल रिकामी केली आणि क्लीनिंग रॉड घातला. अर्ध्यावर अडकला. गोळी नळीतच होती. मागून दुसरी आली असती तर नळी फुगली असती, आणि लाखांची रायफल हे त्यातलं सर्वांत स्वस्त नुकसान ठरलं असतं. तुमच्या मुलीला हा आवाज आजच समजावून सांगा. आवाज वेगळा आला की थांबायचं, हात वर करायचा, कोचला बोलवायचं. फायनल चालू असली तरी.

खर्चाचं म्हणाल तर वाट अशी आहे. रोजच्या सरावाला मधल्या दर्जाचं काडतूस, आणि टेस्ट करून निवडलेला लॉट स्पर्धेला आणि तिच्या आधीच्या दोन आठवड्यांना. निवडलेला लॉट लायसन्सवरच्या मर्यादेत बसेल तेवढा एकदम घ्या, हप्त्याहप्त्याने घेतलात तर तो मिळणारच नाही. युरोपातले मोठे कारखाने शूटरची नळी स्वतःच्या रेंजवर लावून लॉट निवडून देतात, पण तुमच्या मुलीला अजून त्याची गरज नाही. ५० मीटरला सहा महिने जाऊ देत, तिचा स्वतःचा ग्रुप काडतुसाच्या ग्रुपच्या जवळ येऊ दे, मग हा खर्च दिसायला लागेल. तोवर दोन-तीन लॉटमधला बरा निवडला तरी पुष्कळ. एअर रायफलचे पेलेट मात्र आत्ताच तपासा, तीन वर्षं मारणाऱ्या मुलीला तो फरक नक्की मिळेल. ऐरोलीहून पनवेलची गाडी थेट आहे आणि तिकडे सुमा शिरूर यांच्यासारख्या ऑलिंपियनच्या हाताखाली शिकलेले शूटर भेटतात. त्यांच्या वह्या मागून बघा, अशी वही शूटर सहसा दाखवतो.

एक शेवटचं, कारण भाचा शिसं वितळवून गोळ्या ओततो, असंही तुमच्या पत्रात लिहिलंय. स्वयंपाकघराच्या गॅसवर शिसं कधीही वितळवू नका, मासेमारीच्या शिशासाठीसुद्धा नाही. आणि रेंजवरून आल्यावर मुलीने आधी साबणाने आणि गार पाण्याने हात धुवायचे, तोंड धुवायचं, मग जेवणाच्या डब्याला हात लावायचा. फायरिंग पॉइंटवर वडापाव खाणारी मुलं मी रोज बघतो आणि रोज उठवतो. शूटिंगचं जॅकेट घरच्या इतर कपड्यांत धुवायला टाकू नका. घरात लहान भावंड असेल तर जॅकेट आणि बूट दाराबाहेरच्या कपाटात ठेवा.

आज रात्री तिची बॅग उघडून आत्ता चालू असलेल्या काडतुसांच्या खोक्याचा आणि पेलेटच्या डब्याचा लॉट नंबर वहीत उतरवून घ्या. बहुतेक जण खोकं रिकामं झालं की फेकून देतात.